त्या गाण्यातली तिची आई

यंदाच्या जानेवारीतला दुसरा शनिवार. आमच्या कर्जतच्या भिसेगावातल्या सोसायटीची पोपटी होती. अठ्ठावीस घरांपैकी चोवीस घरांनी प्रत्येकी सातशे दिले, म्हणजे सोळा हजार आठशे रुपये जमले. हजर माणसं लहानांसकट एकसष्ट, आणि बाहेरची एक. खजिनदार मी असल्यामुळे हे आकडे माझ्याकडे आहेत. लिहायचं आहे ते त्या बाहेरच्या एका बाईबद्दल.

दरवर्षी वालाच्या शेंगा भरल्या की आम्ही इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्यानेच गच्च करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. शेंगा आणि पाला आम्हाला गेटवर भाजी विकणारी बाई आणून देते. ती कडावच्या पुढे डोंगरावर असलेल्या आदिवासी वाडीतली. वय पंचेचाळीसच्या आसपास. मला दादा म्हणते, माझ्या बायकोला वैनी. भावात एक रुपया सोडत नाही आणि मोजताना चार शेंगा जास्त टाकते.

पोपटीच्या आदल्या रविवारी गेटपाशीच आमची बैठक चालली होती. यंदा पोपटीबरोबर सिनेमा दाखवायचा असं अध्यक्षांच्या मनात होतं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, हौशी माणूस. सिनेमा त्यांनी ठरवूनच आणला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात घराघरात ज्याची गाणी वाजत होती तो नाचाचा सिनेमा. नायक नाचणारा, नायिका नाचणारी, शेवटी नाचाची मोठी स्पर्धा. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. मी तो शाळेत असताना कडावला पाहिला. कोणाच्या तरी लग्नानिमित्त भाड्याने व्हिडिओ आणला होता आणि अंगणात टीव्ही टेबलावर ठेवला होता. पुढे वर्षभर आम्ही पोरं शाळेच्या वाटेवर गुडघे वाकवून चालत होतो. त्या सिनेमाचा आम्हाला आणखी एक अभिमान होता. त्यातलं एक गाणं आपल्या डोंगरात, आपल्या नदीच्या काठावर घेतलेलं होतं.

अध्यक्ष तेच सांगत होते. "तो काळा कातळ दिसतो ना मागे, तो आपला. अजून तसाच आहे."

भाजीवाली शेजारीच पाल्याच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी आय हाय त्याच्यात."

"कशात?"

"त्या शूटिंगच्या पिच्चरमधी. वाडीतल्या पंधरा-वीस बाया नेल्या हुत्या नाचायला. आय आणि मावशी दोघी हुत्या."

आम्ही सगळेच बोलायला लागलो. एवढी वर्षं आपल्या गेटवर बसते आणि कधी बोलली नाही! तू पाहिलास का सिनेमा? नाही, म्हणाली. खोपोलीला थेटरात लागला तेव्हा वाडीतली बापय माणसं जाऊन आली, बायकांना नेलं नाही. नंतर पिच्चरचं नावच कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. पोरगा मोबाईलवर शोधतो म्हणाला, पण नावाशिवाय शोधणार काय.

मग तिने जुडी खाली ठेवली. "मी चार वर्षाची असताना गेली ती. तापाने. फोटो एक पण नाय. मला तिची पाठ आठवते, लाकडं आणायला तिच्या मागनं जायचे ना, म्हणून. तोंड आठवत नाय. मला बघाया येऊ द्याल का?"

मी फोन बाहेर काढला होता. गाणं इंटरनेटवर आहे, नाव मला माहीत होतं, दोन मिनिटांचं काम होतं. अध्यक्षांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"छे छे, मोबाईलवर काय! एवढंसं दिसणार. शनिवारी मोठ्या पडद्यावर बघेल ती. आणि अशी नाही, आपण तिचा सत्कार करू. कलावंताची मुलगी आहे!"

कोणी नाही म्हटलं नाही. मीही फोन खिशात ठेवला. आमच्या सोसायटीत सत्कारावाचून काही होत नाही. नवीन पंप बसला तेव्हा प्लंबरचा झाला आणि दहावी पास झालेल्यांचा दर वर्षी होतो. शाल आणि नारळ यांचे तीनशे ऐंशी रुपये वर्गणीतून धरायचं ठरलं. गाणं आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. त्यात दिसतं काय, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

शनिवारी ती सहा वाजता आली. हिरवं नवं लुगडं, केसात अबोलीची वेणी. पोरांना आणलं नव्हतं. "आधी मी बघते, मग त्यांना दावीन," ती माझ्या बायकोला म्हणाली. अध्यक्षांच्या बायकोने शाल घातली, नारळ दिला. अध्यक्ष पाच मिनिटं बोलले. आपल्या मातीतल्या कलेला त्या काळी पडद्यावर मान मिळाला, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. तिला पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवलं. जाळ नुकताच लावला होता, मडकी तडतडत होती, आणि सिनेमा सुरू झाला.

पहिला तासभर मजेत गेला, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच गाण्याला दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ उठून नाचले. दोघांचं मिळून वय शंभराच्या वर. बायका नायिकेबरोबर ओळी म्हणत होत्या. माझी मुलगी कॉलेजात आहे, ती माझ्या शेजारी बसून पुटपुटत होती.

"बाबा, हा तिच्या मागे मागे चाललाय. ती नाही म्हणतेय."

"बघ गं गप," माझी बायको म्हणाली. "नाच बघ तिचा."

"नाचच बघतेय. नाच भारी आहे. म्हणून तर राग येतोय."

मग ते गाणं आलं. नायक गुंडांपासून पळत डोंगरात शिरतो, तिथले 'जंगली' लोक त्याला पकडतात, झाडाला बांधतात आणि तो नाचून आपली सुटका करून घेतो. मागे आमचा कातळ होता. नदी होती. कोणीतरी मागून ओरडलं, "आपलं कर्जत!" शिट्ट्या झाल्या. आणि झाडामागून बायका आल्या. सगळ्या अंगाला, तोंडाला काळाकुट्ट रंग. डोळ्यांभोवती पांढरे पट्टे. कमरेला पाला, डोक्याला पिसं, गळ्यात हाडांच्या माळा. जीभ बाहेर काढून उड्या मारत होत्या आणि तोंडावर हात आपटून आवाज काढत होत्या.

मागची माणसं हसली. लहान पोरांनी लगेच तोंडावर हात आपटून तसेच आवाज काढायला सुरुवात केली. पुढच्या रांगा एकेक करून गप्प झाल्या. माझ्या मुलीने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मी पुढच्या खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती, मान पुढे काढून.

अध्यक्ष उभे राहिले. "बंद करा रे. पुढे ढकला ते."

ती वळली. शाल खांद्यावरून घसरली होती. म्हणाली, "बंद नका करू. मला सापडली नाय अजून."

गाणं पूर्ण चाललं. साडेचार मिनिटांचं आहे. संपल्यावर ती म्हणाली, "परत लावा." परत लावलं. आता कोणी हसलं नाही, पोरांनाही आयांनी दाबून बसवलं होतं. पंधरा-वीस बायका, एकसारख्या रंगवलेल्या, एकसारखी पिसं, कॅमेरा सतत नायकाच्या पायांवर. दुसऱ्यांदाही संपलं. तिने शाल नीट घडी करून मांडीवर घेतली.

"सगळ्या सारख्याच केल्यात," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. मग माझ्या बायकोला म्हणाली, "जाते वैनी. टमटम जाईल."

शेंगा बांधून देतो म्हटलं तर नको म्हणाली. शाल आणि नारळ घेऊन गेली.

त्यानंतर काय झालं तेही लिहिलं पाहिजे. सिनेमा अर्धा राहिला होता. थोडा वेळ कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "आता राहू दे." दुसरा म्हणाला, "का राहू दे? लोकांनी पैसे भरलेत. आणि तेव्हा सगळ्याच सिनेमात असंच असायचं." मडकी उघडली, पानं वाढली आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला. निम्म्याहून जास्त माणसं बसली होती. मीही बसलो. शेवटच्या स्पर्धेतला नाच आला तेव्हा माझा पाय खाली ठेका धरत होता. मुलीने ते पाहिलं.

घरी आल्यावर बोलली. "आवडतो ना तुम्हाला अजून?"

"आवडतो."

"आणि ते गाणं?"

माझ्या आधी तिची आई बोलली. "मग काय करायचं आता? लहानपणापासून आवडलेलं सगळं टाकून द्यायचं का? त्या नायिकेकडे बघून मी शाळेच्या गॅदरिंगला उभी राहिले. माझे वडील मारायला उठले होते."

"टाकू नकोस गं. पण तिला पहिल्या रांगेत बसवून?"

याचं उत्तर अध्यक्षांकडे होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आपला हेतू वाईट नव्हता." हे खरं होतं. त्यांच्या फोनवर त्याच सिनेमातलं गाणं वाजतं. ते त्यांनी बदललं नाही, पण हल्ली वाजलं की चटकन बंद करतात.

ती बरेच दिवस गेटवर आली नाही. आली तेव्हा काही झालंच नाही अशी बसली, मेथी मांडली. माझ्या बायकोने मेथी निवडत विचारलं, "मावशी आहे ना तुझी? तिला ओळखू येईल की."

"येईल. पण ती त्याचं नाव काढत नाय. आमी विचारलं की उठून जाते."

"एकदा विचार. हे आणि मुलगी लॅपटॉप घेऊन येतील. चित्र थांबवून थांबवून बघता येतं."

पुढच्या रविवारी निरोप आला की या. मी आणि मुलगी स्कूटरने कडावपर्यंत आणि पुढे रस्ता संपतो तिथपर्यंत गेलो, मग पायवाटेने वर. मावशी ओट्यावर बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, पायाची बोटं पसरलेली. तिने आमच्याकडे पाहिलं आणि भाचीला म्हणाली, "यांना कशाला चढवलंस वर? खाली बसून हसले ते पुरलं नाय काय?"

मी म्हटलं, "मावशी, हसले ते खरं आहे."

"मग? तुमी हसला नाय?"

"नाही. पण थांबवलं पण नाही कोणाला."

तिने मला जरा निरखलं आणि भाचीला चहा ठेवायला सांगितला. मुलीने लॅपटॉप उघडला. पहिल्या चित्रालाच मावशी खुदकन हसली. आम्हाला कोणालाच ते अपेक्षित नव्हतं.

"बघ, बघ कसं केलं आमाला! आमी काय गोऱ्या हुतो? काळ्यावर काळं फासलं. एवढा रंग फुकट घालवला मेल्यांनी!"

मग ती थांबेना. त्यांना सांगितलं होतं, तुमचा गौरीचा नाच हवा. म्हणून सगळ्या चांगली लुगडी नेसून, फुलं माळून भल्या सकाळी नदीवर गेल्या. तिथे नाच शिकवणारा आला, त्याने दोन फेऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, हे नको. लुगडी सोडायला लावली, आतून कपडा बांधून वरून पाला बांधला. तोंडाने आवाज कसा काढायचा ते त्यानेच शिकवलं. "आमाला म्हणतो, तुमी ओरडता तसं ओरडा. आमी म्हटलं, आमी कधी ओरडतो रं बाबा? मग त्यानंच ओरडून दावलं." दुपारी पुरी-भाजी आणि जिलबी दिली. जिलबी त्यांतल्या कित्येकींनी पहिल्यांदाच खाल्ली होती. "लई गोड हुती. आणि एकमेकींची तोंडं बघून एवढ्या हसलो की तो नाचाचा मास्तर चिडला." मग आवाज उतरला. "बापय माणसं पिच्चर बघून आली आणि आमच्याशी बोललीच नाय. तुझा बाप तर दोन दिवस जेवला नाय घरात. त्याच्यावर आमी पण गप झालो."

भाची चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी होती. "मावशे, आय कंची?"

मुलगी एकेक चित्र पुढे सरकवत होती. मावशी पडद्याला नाक लावून बसली होती. तिला आधी ती स्वतः सापडली, अगदी कडेला. सगळ्या बाया हात वर करून उड्या मारत होत्या. कडेच्या दोघी मात्र एका क्षणापुरत्या, वळताना, एकमेकींच्या कमरेत हात घालून सरकल्या होत्या, गौरीच्या नाचात सरकतात तशा. सवयीने झालं असणार. मास्तरला ते दिसलं नसावं, नाहीतर त्याने काढायला लावलं असतं.

"थांब. ही मी. आणि हा माझ्या कमरेतला हात तिचा. ही तुझी आय."

चेहरा अर्धा वळलेला होता. काळा रंग, पांढरे पट्टे, दात दिसत होते. भाची खाली बसली. बराच वेळ बघत राहिली. बोट पडद्याला लावलं आणि काढून घेतलं.

"रंगाखाली कशी हुती गं? माझ्यासारखी?"

मावशी म्हणाली, "नाय. तू बापावर गेलीस. ती देखणी हुती."

कोणीच हसलं नाही, मग दोघी एकदम हसल्या, आणि हसता हसता भाचीने पदर तोंडाला लावला. मुलगी माझ्याकडे न बघता लॅपटॉपवर ते चित्र साठवत राहिली.

कर्जतला बाजारात एक फोटो स्टुडिओ आहे. गेलेल्या माणसांचे फोटो तो सुधारून देतो. रेशन कार्डावरचा अंगठ्याएवढा फोटो आणा, तो मोठा करून पुरुषाला कोट आणि बाईला शालू घालून देतो. आमच्या भागात निम्म्या घरांत भिंतीवर असेच आईबाप आहेत. तीच म्हणाली, तिथे करून बघू. आम्ही तिघं गेलो, मी, माझी बायको आणि ती. स्टुडिओवाल्याने चित्र पाहिलं. "रंग काढतो, पिसं काढतो, साडी नेसवतो. शनिवारी या."

शनिवारी फोटो तयार होता. चौकटीत बसेल एवढा. निळ्या पडद्यासमोर एक गोरी, गुळगुळीत बाई, जांभळा शालू, कपाळावर मोठं कुंकू. माझ्या बायकोने पटकन म्हटलं, "छान झालाय."

तिने फोटो उजेडात धरला. "बाई चांगली हाय. घरंदाज." मग स्टुडिओवाल्याला म्हणाली, "पण मी हिला वळखत नाय."

"ताई, रंग काढल्यावर खाली काय होतं ते आम्हाला कुठून कळणार? अंदाजाने करतो."

"तुमची चूक नाय. मला तो पैलाच पण द्या. हाय तसा. पिसं तेवढी कापा."

पिसं कापली तर कपाळही जात होतं. भुवयांपासून हनुवटीपर्यंतच चेहरा राहिला, रंगवलेला, दाणेदार, पोस्टकार्डापेक्षा लहान. आता त्यात जंगली काही दिसत नव्हतं आणि ओळखीचंही फारसं काही नव्हतं. एक बाई हसत होती एवढंच. तिने तो दुसऱ्याच्या शेजारी काउंटरवर ठेवला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली. माझ्या बायकोला वाटलं ती एक निवडते आहे.

"मोठा भिंतीवर लावीन," ती म्हणाली. "पोरांना, पावण्यांना दावाया. हा नाय लावायचा. हा बघून पोरं पण हसतील, तुमची हसली तशी." शेवटचं वाक्य बोलताना तिचा सूर तक्रारीचा नव्हता. भावाचा आकडा सांगते तशी बोलली. धाकटा फोटो तिने ब्लाउजच्या आत सरकवला.

मोठ्याचे चारशे पन्नास आणि लहानाचे साठ झाले होते. मी पाचशेची नोट पुढे केली, म्हटलं सोसायटीकडून समज. तिने माझा हात बाजूला केला.

"सत्कार झाला दादा. तेवढा बास."

कमरेचा बटवा सोडून तिने दहा, वीस, पन्नासच्या नोटा काउंटरवर मांडल्या. दहा रुपये स्टुडिओवाल्याने सोडले. खजिनदार म्हणून हाही आकडा लिहून ठेवतो: पाचशे रुपये, स्टुडिओवाल्याला, तिने दिले.